तहानलेले गिअर

कारखान्यात चार मशीनं होती, नऊ माणसं होती आणि भिंतीवर एक पुठ्ठा होता. पुठ्ठा म्हणजे मोठ्या खोक्याची कापून सपाट केलेली बाजू, पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरशेजारी चार खिळ्यांनी ठोकलेली. कारखाना चालवणाऱ्या आत्याने त्यावर मार्करने मधोमध उभी रेघ ओढली होती. डावीकडे 'फायदे', उजवीकडे 'तोटे'. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही? ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावं. नाव घालायची गरज नाही, अक्षर मी ओळखते.'

हा सगळा उद्योग शंकेमुळे सुरू झाला होता. शंका ही आत्याची भाची. तिचं खरं नाव आता फक्त कागदोपत्री उरलं होतं. पाच वर्षांची असताना तिने भर बैठकीत विचारलं होतं, "साखर विरघळली तर चहा कपाबाहेर का येत नाही?" आणि उत्तर मिळेपर्यंत कोणाला कप तोंडाला लावू दिला नव्हता. पुढे तिने पदार्थविज्ञानात पदवी घेतली, पण शंका काही फिटल्या नाहीत. तीन महिन्यांपूर्वी ती "जरा हातभार लावते" म्हणून कारखान्यात आली आणि सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण करू लागली.

कारखान्यात नायलॉनचे सुटे भाग बनत. दाणे वाळवायचे, वितळवायचे, साच्यात दाबायचे, थंड झाले की काढायचे. सांगायला एवढंच. निम्मं काम एकाच गिऱ्हाइकाचं होतं. ती कंपनी दवाखान्यातल्या खाटा बनवायची, म्हणून इथे तिचं नाव 'खाटवाले'. खाटेच्या पायथ्याची दांडी फिरवली की पेशंटची पाठ वर उचलली जाते, त्यातला पांढरा गिअर इथला. चारातली दोन मशीनं त्या एका गिअरवर जगत होती.

आणि त्या खाटवाल्यांनी कळवलं होतं की आता प्रत्येक पेटीचा इतिहास लागेल. कुठल्या पोत्यातला दाणा, कुठलं मशीन, कुठला दिवस, तपासणी कोणी केली. महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी त्यांच्या इंजिनिअर बाई येणार, एका पेटीवर बोट ठेवणार. तासाभरात उत्तर मिळालं तर ऑर्डर पुढे चालू. नाही मिळालं तर ते दुसरीकडे बघणार.

"उत्तर आहे की आपल्याकडे," आत्या म्हणाली होती. "काकांच्या डोक्यात आहे. पण काकांचं डोकं उघडून पाहुण्यांसमोर कसं ठेवायचं?"

काका म्हणजे अंदाजेकाका, कारखान्याचे मुख्य कारागीर. सव्वीस वर्षं त्याच चार भिंतींत. कुठलाही आकडा सांगण्याआधी ते 'अंदाजे' म्हणत. गिअर तळहातावर घ्यायचे, दोनदा उडवायचे आणि म्हणायचे, "अंदाजे बारा ग्रॅम." काट्यावर ठेवला की बरोबर बारा. शंकेने पहिल्याच आठवड्यात चाळीस वस्तूंवर त्यांची परीक्षा घेतली होती. एकदाच चुकले, तेही काट्याचे सेल उतरले होते म्हणून.

तर शंकेने छोट्या कारखान्यांसाठीचं एक सॉफ्टवेअर शोधून काढलं. तीन आठवडे फुकट वापरून बघायचं, पटलं तर वर्गणी भरायची. ती कंबर कसून कामाला लागली. प्रत्येक पोत्याला क्रमांक, प्रत्येक पेटीला चिठ्ठी, प्रत्येक मशीनपाशी एक टॅब.

पहिल्या आठवड्यात ती हवेतच होती. सॉफ्टवेअरने तिसऱ्याच दिवशी एक आलेख काढून दाखवला. तीन नंबरचं मशीन रोज अकरा ते एक बंद. रोज! का? कारण साचा उचलायची साखळी तेव्हा एक नंबरवर अडकलेली. दोन्ही मशीनचे साचे बदलायची वेळ तेवढी मागेपुढे केली आणि रोजचे दोन तास सुटले. सव्वीस वर्षं ते दोन तास सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाया जात होते आणि कोणाला दिसले नव्हते. शंकेने धावत जाऊन पुठ्ठ्याच्या डाव्या बाजूला लिहिलं: 'न दिसणारं दिसतं!' शेवटचं उद्गारचिन्ह इतकं जोरात काढलं की पुठ्ठ्याला भोक पडलं.

उजवी बाजूही ओस नव्हती. 'हात तेलकट असला की टॅबला बोट कळत नाही.' 'इंटरनेट गेलं की आपण पण गेलो.' 'मशीन का थांबलं याची टॅब सात कारणं देतो, आमचं आठवं असतं.' कोणीतरी लिहिलं होतं, 'टॅबवर चाळीसऐवजी चारशे टाकले तरी तो ओरडत नाही. काका ओरडतात.' त्याखाली वेगळ्या अक्षरात उत्तर होतं: 'म्हणून हा फायद्यात धरावा.'

पॅकिंगच्या मावशींनी एकदा तो चारशेचा घोळ घातला, तेव्हा शंकेने सगळ्यांना मशीनपाशी उभं करून नियम केला. आता सॉफ्टवेअरमधून प्रत्येक कामाचं कार्ड छापून निघेल. पायऱ्या त्यावर असतील. दाणा वाळवणे, साचा भरणे, कडा साफ करणे, तपासणी, पॅकिंग. "कार्डावर आहे तेवढंच करायचं," ती म्हणाली. "कार्डावर नाही ते करायचं नाही. नाहीतर इतिहास खोटा पडतो."

"श्वास घ्यायचा ना, ताई?" मावशींनी विचारलं. "का तोही छापून येणार?"

सगळे हसले. शंकाही हसली. पण मावशी शिस्तीच्या. शुक्रवारपासून त्या कार्डावर बोट ठेवून ओळ न् ओळ पाळू लागल्या.

मंगळवारी सकाळी, म्हणजे इंजिनिअर बाई यायच्या दोन दिवस आधी, खाटवाल्यांचा फोन आला. आत्याने फोन कानाला लावला आणि तिचा चेहरा उतरत गेला. ती फक्त "किती?" आणि "कुठली पेटी?" एवढंच म्हणाली. फोन ठेवून शंकेकडे वळली.

"गिअर तडकतायत. दांडीवर दाबून बसवताना. दोनशेतले चौदा गेले. सोमवारी गेलेली पेटी. सत्तावन्न नंबर."

 शंकेचे हात टॅबकडे गेले. तीन मिनिटांत सगळं समोर. मशीन दोन, पोतं एकतीस, शुक्रवारी सकाळी नऊ चाळीस, तपासणी मावशींची, वजन बारा ग्रॅम, माप अचूक. प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण.

"बघ, तीन मिनिटांत सांगितलं," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात जीव नव्हता.

"काय सांगितलं?" आत्या म्हणाली. "सगळं बरोबर आहे आणि गिअर तुटतोय, हे सांगितलं. तेवढं मलाही फोनवर कळलं होतं."

"काकांना बोलवू?"

"बोलवतेस कशाला? आलेच ते."

अंदाजेकाका दारात उभे होते. कारखान्यात वाईट बातमी फोनपेक्षा आधी पोचते. त्यांनी टॅबकडे पाहिलंसुद्धा नाही. शुक्रवारच्याच मालातला शिल्लक गिअर उचलला, टेबलावरून वीतभर वर धरला आणि सोडला.

टण्ण.

मग त्यांनी खणात हात घालून एक जुना गिअर काढला. तोच साचा, तोच पांढरा रंग. तोही सोडला.

टक.

"ऐकलंस?" काका म्हणाले. "हा तहानलेला आहे. कोणी पाणी पाजलं नाही."

"काय पाजलं नाही?"

"पाणी! अगं, साच्यातून निघालेला माल ठणठणीत कोरडा असतो. दाबला की तडकणारच. दोन दिवस टबात ठेवायचा. पोटभर प्यायला की मग कसाही वाकव." ते मावशींकडे वळले. "मावशी, तुम्ही टबात नाही टाकला?"

मावशींनी कमरेवर हात ठेवले. "कार्डावर नव्हतं."

"अहो पण—"

"कार्डावर नाही ते करायचं नाही. मी विचारलंही होतं, श्वास घेऊ का म्हणून." त्यांनी शंकेकडे पाहिलं, आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं, ताई शिकलेली आहे, पाण्याची भानगड तिनं काढून टाकली असेल."

"आणि मी रोज संध्याकाळी बघतो तर टेबल रिकामं," काका म्हणाले. "मला वाटलं मावशींनीच पाजून ठेवलं."

शंका मागच्या खोलीतल्या झाकण घातलेल्या निळ्या टबाकडे बघत राहिली. गेले तीन महिने ती त्याच्या शेजारून दिवसातून दहा वेळा जात होती. तिला वाटायचं, पाणी साठवायचा टब आहे. "काका, मी तुम्हाला सगळ्या पायऱ्या विचारल्या होत्या. अक्षरशः सगळ्या. तुम्ही पाण्याचं का नाही सांगितलंत?"

काका खरोखर गोंधळले. "तू काम विचारलंस. पाणी पाजणं हे काय काम आहे? टबात टाकायचं आणि घरी जायचं. पितो तो आपला आपण."

शंकेला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक म्हणजे जमीन दुभंगावी. आणि दुसरी, जी पहिलीला ढकलून वर आली, ती म्हणजे पाणी! नायलॉन पाणी शोषतं, हे तिने कुठल्याशा सत्राला वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि दाण्याच्या पोत्यावर 'ओल लागू देऊ नये' एवढं मोठं छापलेलं बघून पाणी म्हणजे शत्रू असं धरून बसली होती. वितळवण्याआधी शत्रू, घडवल्यानंतर मित्र. आधी वाळवायचा, मग पाजायचा.

"किती पितो?" तिने विचारलं.

"अंदाजे पाव ग्रॅम."

रंग मोजायचा एक बारीक काटा कारखान्यात होता, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. तिने तहानलेला गिअर ठेवला: १२.००. काकांचा जुना गिअर ठेवला: १२.२४.

"आई शप्पथ," शंका म्हणाली. तिने दहा जुने गिअर मोजले. सगळे १२.२२ ते १२.२६च्या मधे. तहान मोजता येत होती!

"आनंद नंतर," आत्या म्हणाली. "परवा बाई येणार. त्यांना पाजलेली पेटी दाखवायला हवी. आता टाकला तर दोन दिवस होतात का?"

"परवा दुपारी होतील," काका म्हणाले. "बाई सकाळी दहाला येणार."

"गरम पाण्यात पटकन पितो का?" शंकेने विचारलं.

"पीत असेल. कोण गरम करत बसतंय?"

पण गरम पाणी तर कारखान्यात रोजच फिरत होतं! साचा तापलेला राहावा म्हणून त्याच्या पोटातून ऐंशी अंशांचं पाणी खेळवणारा हीटर प्रत्येक मशीनला होता. चार नंबरचं मशीन त्या दिवशी मोकळं होतं. काकांनी त्याची नळी सोडवून झाकणाच्या पातेल्यात सोडली. एक तहानलेला गिअर तारेला बांधून शंकेने आत सोडला आणि फळ्यावर खडूने लिहायला घेतलं: नऊ, सोळा, पंचवीस, छत्तीस, एकोणपन्नास.

"हे काय? लॉटरीचे नंबर?" मावशींनी विचारलं.

"मिनिटं. इतक्या इतक्या मिनिटांनी काढून पुसायचा, मोजायचा, परत टाकायचा."

"मग सरळ दहा-वीस-तीस का नाही?"

"मला एक शंका आहे."

"ती असणारच म्हणा."

नऊ मिनिटांनी गिअर पुसून काट्यावर ठेवला. १२.०६. सोळा मिनिटांनी १२.०८. पंचवीस मिनिटांनी १२.१०. आता मशीनं सोडून तिघं-चौघं काट्याभोवती जमले होते. छत्तीसला मावशींनी स्वतः गिअर पुसला, फडक्याची तीन टोकं वापरून, आणि काटा स्थिर होईपर्यंत कोणी हललं नाही.

"बारा बारा!" मावशी ओरडल्या.

शंकेने टेबलावर थाप मारली. "नऊचं वर्गमूळ तीन, सहा आले. सोळाचं चार, आठ आले. पंचवीसचं पाच, दहा. छत्तीसचं सहा, बारा. दर वेळी वर्गमुळाच्या दुप्पट! पाणी वरून आत झिरपत जातं. जितकं आत जायचं तितकी वाट बिकट होत जाते. चोवीस यायला बाराचा वर्ग, एकशे चव्वेचाळीस मिनिटं. दोन तास चोवीस मिनिटं, काका! दोन दिवस नाहीत!"

"थांब, आधी मोजू," आत्या म्हणाली. आत्या असल्या बाबतीत पाय जमिनीवर ठेवून असायची. "एकशे चव्वेचाळीसला मला बोलव."

त्या दोन तासांत कारखान्याने जेवण आटोपलं, दोन साचे बदलले आणि दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी पातेल्याशी येऊन गेलं. एकशे चव्वेचाळीसाव्या मिनिटाला आत्या चष्मा पुसून हजर. काट्यावर आकडे धावले, थांबले. १२.२४. मावशींनी टाळ्या वाजवल्या. काकांनी गिअर उचलला, कान लावून टेबलावर सोडला.

टक.

"प्यायला," ते म्हणाले.

पण शंका अजून फळ्यापाशीच होती. "काका, झिरपायचं असेल तर जाडीलाही हाच हिशेब लागतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. आपला तो जाड बुश आहे ना, दांडीभोवती बसणारं कडं, गिअरच्या दुप्पट जाडीचं. तो तुम्ही टबात किती दिवस ठेवता?"

काकांनी तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "अंदाजे आठ दिवस."

"गिअर दोन, बुश आठ."

"हो."

"चौपट."

"हो, पण ते मी..." काका फळ्याकडे बघत खुर्चीवर बसले. "चार दिवस ठेवून पाहिला होता, तडकला. सहा ठेवला, तरी शंभरात एखादा जायचा. आठला थांबले. दोन वर्षं गेली त्यात." त्यांनी खडूच्या आकड्यांवरून बोट फिरवलं, खडू पुसला जाणार नाही इतक्या हलक्या हाताने. "म्हणजे ते असं होतं होय!"

सव्वीस वर्षांत अंदाजेकाकांना कोणी एवढं खूष झालेलं पाहिलं नव्हतं. ते उठून प्रत्येक मशीनपाशी गेले आणि प्रत्येकाला 'दुप्पट जाड, चौपट वेळ' ऐकवून आले, जणू हा शोध नुकताच त्यांच्या खिशात सापडला होता. आणि खरं तर तिथेच होता.

बुधवारी दिवसभरात दोनशे गिअर गरम पाणी प्यायले. सॉफ्टवेअरमध्ये 'पाणी पाजणे' नावाची पायरी आली, तिच्यात दोन रकाने: आधीचं वजन, नंतरचं वजन. वीस शतांशापेक्षा कमी फरक असला की ओळ लाल होत होती आणि पॅकिंगची चिठ्ठी छापूनच येत नव्हती. मावशींनी मुद्दाम खोटा आकडा घालून दोनदा खात्री करून घेतली.

गुरुवारी दहाला इंजिनिअर बाई आल्या. बुटक्याशा, झपझप चालणाऱ्या, खांद्यावरच्या पिशवीत हातभर लोखंडी दांडी. आल्या आल्या त्यांनी मांडणीवरच्या एका पेटीवर बोट ठेवलं. शंकेने दोन मिनिटांत तिचा जन्म, गोत्र, सगळं सांगितलं. बाईंनी घड्याळात पाहून मान डोलावली.

"आता सत्तावन्न नंबर."

शंकेने तीही उघडली. पाचही हिरव्या खुणा.

"पोतं एकतीस," बाई वाचत होत्या. "त्याच सकाळी फोडलेलं दिसतंय. म्हणजे दाणा खराब निघाला असणार. होतं असं. तुम्ही पुरवठादाराला कळवा, मी माझ्या अहवालात तसं लिहिते."

किती सोपं होतं! नुसतं "हो" म्हणायचं. बाई स्वतः दार उघडून उभ्या होत्या. त्या पोत्यातल्या उरलेल्या दाण्याचे गिअर बाईंच्या मागच्याच टेबलावर होते, पाणी पिऊन टकाटक.  शंकेला आत्याकडे बघायचा धीर झाला नाही. खरं सांगितलं तर दोन मशीनं बंद पडू शकत होती, आणि ती बंद पाडणारी ती स्वतः असणार होती.

"दाणा चांगला आहे," ती म्हणाली. "चूक कार्डात होती. कार्ड मी बनवलं. साच्यातून निघालेला माल पाण्यात ठेवायचा असतो, ती पायरी मी घातली नाही, कारण मला ती माहीत नव्हती. सॉफ्टवेअरने मी विचारलं तेवढंच तपासलं. म्हणून सगळं हिरवं."

बाईंनी टॅब बाजूला सारला. "आणि आता?"

"आता बघा," अंदाजेकाका मधेच म्हणाले आणि त्यांनी पाजलेल्या गिअरची पेटी पुढे सरकवली.

बाईंनी दांडी काढली. काकांनी ती हाताने दाबायच्या प्रेसमध्ये धरून दिली. एक गिअर दाबला, बसला. दुसरा, तिसरा. दहानंतर बाईंनी स्वतः प्रेसचा दांडा हातात घेतला आणि मुद्दाम हिसडा देऊन दाबू लागल्या. मावशी ओठ हलवत मोजत होत्या. एकेचाळीसाव्याला काहीतरी 'कट' वाजलं आणि सगळे पुढे वाकले. बाईंच्या बांगडीचा हूक तुटला होता. पन्नास झाले. एकही गिअर तडकला नाही.

बाई हात पुसत फिल्टरपाशी पाणी प्यायला गेल्या आणि पुठ्ठ्यासमोर थांबल्या. तो काढून ठेवायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी दोन्ही बाजू निवांत वाचल्या, एकदा मोठ्याने हसल्या. मग वळल्या.

"एक विचारू? नीट विचार करून सांगा. आणखी काय काय आहे, जे कार्डावर नाही?"

हा प्रश्न शंकेने तीन महिन्यांत विचारला नव्हता. तिने "काय करता?" असं विचारलं होतं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आत्या म्हणाली, "बोला की! बाई विचारतायत."

"म्हणजे, काम असं नाही," काका चाचरत म्हणाले, "पण जेवणानंतर मशीन चालू केलं की पहिले अंदाजे वीस नग मी फेकतो. थंड साच्याचे असतात."

शंका टॅबवर टाइप करू लागली. सातवी पायरी.

"मी प्रत्येक गिअर खिडकीकडे धरून बघते," मावशी म्हणाल्या. "आत बुडबुडा असला की उजेडात ठिपका दिसतो. तपासणीत फक्त माप लिहिलंय."

आठवी.

"दोन नंबरच्या मशीनचं झाकण खांद्याने ढकलावं लागतं," कोणीतरी मागून म्हणालं. "नुसतं लावलं तर अर्धं उघडं राहतं आणि कडा जाड येते."

"हे मला कधी सांगितलं नाहीस!" आत्या.

"तुम्ही कधी ढकललं नाही ना."

नववी. बाई स्टूल ओढून बसल्या होत्या आणि स्वतःच्या वहीतही उतरवून घेत होत्या. आता सगळे एकदम बोलत होते. पेटीचं झाकण माल निवेपर्यंत उघडं ठेवायचं. दाणा वाळवायच्या भट्टीची तळातली चाळणी रोज झटकायची. साच्याच्या एका कोपऱ्याला जास्त वेळ वारा द्यायचा. प्रत्येकाजवळ काहीतरी होतं. वर्षानुवर्षं करत आलेलं, काम न वाटणारं. शंकेची बोटं मागे पडत होती. "थांबा, एकेक, एकेक!" ती ओरडत होती आणि तिला कोणी थांबू नये असंच वाटत होतं.

"ऑर्डर चालू राहील," बाई गलक्यातच आत्याला म्हणाल्या. "एका वर्षासाठी लिहून देते. पहिल्या दहा पेट्या मी स्वतः दाबून बघणार. आणि ही यादी पूर्ण झाली की तिची एक प्रत मला. आमच्या इतर पुरवठादारांनाही हाच प्रश्न विचारायचाय मला."

 तेवढ्यात शंका म्हणाली, "अरे!"

टॅबवर दहावी पायरी भरल्यावर एक चौकट उघडली होती. चाचणी आवृत्तीत एका वस्तूला दहाच पायऱ्या. अधिक हव्या असल्यास वर्गणी भरावी.

सगळे आत्याकडे बघू लागले. मावशींनी पुठ्ठ्याच्या उजव्या बाजूकडे बोट दाखवलं, म्हणजे हेही तिकडे लिहायचं का म्हणून.

"काका," आत्या म्हणाली, "आणखी किती निघतील?"

काकांनी कारखान्यावरून एक नजर फिरवली. "अंदाजे सतरा."

"भर," आत्या शंकेला म्हणाली. "सगळ्यात लहान पॅकेज, एका वर्षाचं. आणि ऐक, पुढची पायरी तू टाइप करू नकोस. काकांना करू दे. त्यांना हात धुवून या म्हणावं."